असिस्टेड लिव्हिंगची जागा निवडताना आधी मदतीचा हिशेब मांडा

असिस्टेड लिव्हिंगची जागा शोधायला निघालेली बहुतेक कुटुंबं उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी माहितीपत्रकं चाळली जातात, मग फोटो बघितले जातात, मग बागेतून आणि वाचनालयातून एक चक्कर होते. सहीची वेळ येते तेव्हा कोणीतरी हळूच विचारतं, ‘आत्यांना रात्री दोन-तीनदा उठवून बाथरूमला न्यावं लागतं. ते इथे कोण करेल?’ खरं तर शोधाला सुरुवातच या प्रश्नाने व्हायला हवी. बाग नंतरही बघता येते.

आधी ही व्यवस्था नेमकी कुठे बसते ते बघू. एका बाजूला स्वतःचं घर आणि दुसऱ्या बाजूला दिवसरात्र परिचारिका असलेलं नर्सिंग होम, यांच्या मधली ही जागा. राहणाऱ्याची स्वतःची खोली किंवा छोटा फ्लॅट असतो. जेवण, साफसफाई, कपडे धुणं संस्था बघते. अंघोळ, कपडे घालणं, औषधं यांत लागेल तेवढी मदत मिळते आणि चोवीस तास कोणीतरी हाकेच्या अंतरावर असतं. हे हॉस्पिटल नाही. नळीने अन्न द्यावं लागत असेल किंवा मोठ्या जखमेचं रोज ड्रेसिंग करावं लागत असेल, तर इथे सहसा भागत नाही. केवळ ज्येष्ठांसाठी बांधलेली सोसायटी म्हणजेही हे नव्हे. तिथे समवयस्क शेजारी मिळतात, लिफ्ट आणि रॅम्प मिळतात, पण अंघोळीच्या वेळी हात द्यायला कोणी नसतं. देशोदेशी यांची नावं आणि नियम वेगळे आहेत, आणि एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या सोयी विकल्या जातात. म्हणून पाटीवर जाऊ नका. काय काय करून देणार, ते लेखी मागा.

अमेरिकेत या कल्पनेला आकार देणाऱ्यांमध्ये केरेन ब्राउन विल्सन यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या आईला वयाच्या ५५व्या वर्षी पक्षाघात झाला आणि पुढची कितीतरी वर्षं नर्सिंग होममध्ये गेली. आईचं मागणं साधं होतं. स्वतःचं छोटं स्वयंपाकघर, स्वतःचं बाथरूम आणि आतून बंद करता येईल असं दार. १९८३ साली ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात विल्सन यांनी ११२ घरांची ‘पार्क प्लेस’ ही जागा सुरू केली, ती याच मागणीच्या आधारावर. नर्सिंग होमची रचना हॉस्पिटलसारखी असते. तिथे माणूस रुग्ण असतो आणि त्याचा दिवस कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांप्रमाणे चालतो. इथे तो भाडेकरू आहे, आणि मदतनीस त्याच्या घरी आलेला माणूस.

तुम्ही जागा बघायला जाल तेव्हा एवढं जरूर बघा. कर्मचारी खोलीत शिरण्यापूर्वी दार वाजवतात का, आणि वाजवल्यावर आतून उत्तर येईपर्यंत थांबतात का? वाजवत वाजवतच आत शिरणं म्हणजे दार वाजवणं नव्हे.

तीन प्रकारची मदत

वृद्धांना किती मदत लागते हे मोजायची जुनी आणि अजूनही वापरात असलेली पद्धत सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडली. तिच्यात रोजच्या जगण्यातली सहा कामं आहेत : अंघोळ, कपडे घालणं, शौचालयाचा वापर, पलंगावरून किंवा खुर्चीतून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. कॅट्झ यांच्या लक्षात आलं की ही कामं साधारणपणे एका क्रमाने सुटत जातात. अंघोळ सगळ्यात आधी, जेवणं सगळ्यात शेवटी.

अंघोळच आधी का, हे एकदा नीट डोळ्यांसमोर आणून बघा. ओल्या फरशीवर पाऊल टाकायचं. पाय धुवायला वाकायचं किंवा एका पायावर तोल सांभाळायचा. केस धुवायला दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, म्हणजे धरायला हात मोकळा राहत नाही. साबणामुळे डोळे मिटलेले, आणि तोल सावरायला डोळ्यांचा मोठा आधार असतो, तो नेमका तेव्हाच गेलेला. शिवाय चष्मा काढलेला, श्रवणयंत्र काढलेलं. अंगातली ताकद, सांध्यांची लवचीकता, तोल आणि नजर, सगळ्यांची परीक्षा एकाच वेळी. म्हणून ‘हल्ली आत्या अंघोळीची टाळाटाळ करतात’ हे वाक्य घरात ऐकू आलं, की ते आळसाच्या खात्यावर टाकू नये. बहुतेकदा ती भीती असते.

या सहा कामांच्या आधी डळमळतात ती जरा वरच्या पायरीवरची कामं. पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी १९६९ साली अशा आठ कामांची यादी केली : फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, स्वतःची औषधं घेणं आणि पैशांचे व्यवहार. एखाद्याला बिलं भरणं आणि खरेदी जमत नसेल, पण बाकी सगळं ठीक असेल, तर घर सोडायची गरज आहे का, याचाच आधी विचार करावा. रोज येणारा मदतनीस आणि औषधांचा कप्प्यांचा डबा एवढ्यावर बराच काळ निभावतं.

याद्या उपयोगी आहेत, पण जागा निवडताना मला त्यांच्यापेक्षा एक वेगळी विभागणी जास्त कामाची वाटते. मदत तीन जातींची असते.

पहिली घड्याळाची. अंघोळ, जेवण, सकाळ-संध्याकाळची औषधं, कपडे. ही वेळ ठरवून देता येते, त्यामुळे एक मदतनीस दिवसभरात बऱ्याच जणांना पुरतो. दुसरी हाकेची. बाथरूमला जायची वेळ कोणी ठरवून देत नाही, पडण्याचीही नाही. इथे हाक मारल्यापासून पाच मिनिटांत माणूस आला तर मदत, अर्ध्या तासाने आला तर नुसती चादर बदलणं. तिसरी नजरेची. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसाला आपल्याला मदत हवी आहे हेच कळत नाही. तो बेल दाबणार नाही, रात्री दार उघडून चालू लागेल. त्याच्यासाठी कोणीतरी सतत लक्ष ठेवून असावं लागतं.

घड्याळाची मदत जवळजवळ प्रत्येक जागा चांगली देते. फरक पडतो तो हाकेच्या मदतीत, आणि नजरेच्या मदतीत तर जमीन-अस्मानाचा. आपल्या माणसाला आज यातली कोणती मदत किती लागते आणि वर्षा-दोन वर्षांत कोणती लागू शकेल, हे कागदावर मांडल्याशिवाय एकाही जागेचं दार ठोठावू नये. त्यासाठी आठवडाभर एक वही ठेवा. कोणत्या वेळी, कशासाठी, किती वेळ मदत लागली. रात्रीच्या नोंदी विशेष जपून करा, कारण दिवसा लख्ख वाटणारं चित्र रात्री बदलतं, आणि ते बदलल्याचं फक्त शेजारच्या खोलीत झोपणाऱ्यालाच माहीत असतं.

तोलाचा अंदाज घ्यायला एक सोपी चाचणी आहे. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या चपला, नेहमीची काठी. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं धरून डॉक्टरांशी बोलावं. करताना शेजारी उभे राहा. वळताना पावलं कशी पडतात ते सेकंदांइतकंच बोलकं असतं.

आणि हो, घर बदलायचं ठरवण्याआधी डॉक्टरांकडून एकदा पूर्ण तपासणी आणि सगळ्या औषधांची फेरतपासणी करून घ्या. गोळ्यांमुळे येणारी गुंगी, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग, थायरॉइड, नैराश्य, अगदी कानात साठलेला मळसुद्धा माणूस एकदम ‘उतरल्यासारखा’ दाखवू शकतो. वृद्धांना कोणती औषधं शक्यतो टाळावीत याची मार्क बिअर्स यांच्या नावाने ओळखली जाणारी यादी १९९१ साली प्रथम आली, तीही नर्सिंग होममधल्या रहिवाशांना डोळ्यांसमोर ठेवूनच. तिच्या सुधारित आवृत्त्या डॉक्टर आजही वापरतात. एखादी झोपेची गोळी बंद करून सुटणाऱ्या प्रश्नासाठी घर मोडायला नको.

जागा बघायला जाताना

पहिली भेट वेळ ठरवून होते, आणि तिच्यात तुम्हाला दाखवायचं तेच दाखवतात. त्यात वाईट काही नाही. पण दुसरी भेट संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, न कळवता व्हावी. डिमेन्शियाच्या बऱ्याच जणांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते, आणि पुष्कळदा त्याच सुमाराला पाळी बदलते. जागेचा कस तेव्हा लागतो.

जेवणाच्या वेळी कोपऱ्यात बसून राहा. ज्यांना भरवावं लागतं त्यांच्याकडे बघा. मदतनीस उभ्या उभ्या, इकडेतिकडे बघत घास पुढे करतोय की खुर्ची ओढून समोर बसलाय? पहिला घास गिळून होईपर्यंत दुसरा थांबतो का? ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासमोर काठ असलेली ताटली आहे की सरसकट सगळ्यांना सारखंच भांडं? जेवण झाल्यावर कोणी गप्पा मारत रेंगाळतं की सगळ्यांना लगेच खोल्यांकडे हाकललं जातं? एवढ्या अर्ध्या-पाऊण तासात माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं. कोणाच्या तरी खोलीची बेल वाजली, दिवा लागला, तर घड्याळ बघा आणि तो विझेपर्यंत गप्प बसा.

वासाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण लोक त्यावरून घाईने मत बनवतात. एका जागी ताजा वास येत असेल तर नुकतीच कोणाला तरी कपड्यात लघवी झाली असेल, ते साहजिक आहे. सगळ्या मजल्यावर मुरलेला वास वेगळा. आणि सगळीकडे अत्तराचा भडिमार असेल तर तोही वासच.

कर्मचाऱ्यांची संख्या विचारली की ‘आठ जणांमागे एक’ असं उत्तर मिळतं. त्या एकात स्वयंपाकी, व्यवस्थापक, स्वागतकक्षातली व्यक्ती धरली आहे का? म्हणून प्रश्न असा विचारावा : रात्री दोन वाजता प्रत्यक्ष हात लावून मदत करणारे किती जण जागे असतात? जागे, झोपलेले नव्हेत. त्यांच्याकडे किती मजले? एकाच वेळी दोन बेल वाजल्या तर? परिचारिका किती वाजेपर्यंत असते आणि ती गेल्यावर औषधं कोण देतं, त्याचं शिक्षण काय? पडल्यावर काय करतात, घरी फोन कधी जातो, हॉस्पिटलमध्ये सोबत कोण जातं? शक्य असेल तर हे प्रश्न ऑफिसात न विचारता मजल्यावरच्या मदतनीसाला विचारा. तो इथे किती दिवस काम करतोय, तेही. माणसं सारखी सोडून जात असतील तर आत्यांना कोणता गुडघा दुखतो हे दर महिन्याला नव्याने सांगावं लागेल.

खोलीत गेल्यावर पलंगावर स्वतः आडवं होऊन बघा. दिव्याचं बटण हाताला लागतं का? बेल पोहोचते का? तिथून शौचालयाचं दार दिसतं का? अर्धवट झोपेत उठलेल्या माणसाला दार शोधावं लागू नये. भिंतीवरचा धरायचा दांडा चांगल्या हाताच्या बाजूला आहे का? पक्षाघाताने उजवी बाजू गेलेल्याला उजवीकडचा दांडा काय कामाचा? डिमेन्शियात कमोडचं झाकण भिंतीपेक्षा वेगळ्या, ठळक रंगाचं असलं तर ते सापडायला सोपं जातं.

नजरेची मदत लागणार असेल तर स्वतंत्र विभाग आहे का ते विचारा, आणि त्या विभागात सुरक्षितता म्हणजे फक्त कुलूप आहे का, तेही. नेदरलँड्समधल्या वेस्प या गावात २००९ पासून सुरू असलेलं ‘होगवाइक’ हे वेगळ्या विचाराचं उदाहरण आहे. तिथे गंभीर डिमेन्शिया असलेले लोक छोट्या घरांतून राहतात. बंदिस्त आवारात गल्ल्या आहेत, चौक आहे, दुकान आहे. बाहेरचं एक दार सांभाळलं की आत माणूस मोकळा फिरू शकतो. असं गाव प्रत्येक ठिकाणी मिळणार नाही, पण मार्गिका बंद भिंतीशी न संपता फिरून मूळ जागी येते का, अंगणात एकट्याने जाता येतं का, एवढं कुठेही बघता येतं. अस्वस्थ माणसाला शांत करायला काय करतात हेही स्पष्ट विचारा. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारांवरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली दिला आहे. ‘रात्री शांत झोपतात आमच्याकडे सगळे’ हे उत्तर ऐकून निश्चिंत होऊ नका, पुढचा प्रश्न विचारा.

करार : बाहेर पडायचं कलम आधी वाचा

महिन्याची रक्कम ठरवायच्या पद्धती ढोबळमानाने तीन. सगळं धरून एकच रक्कम, मदतीच्या पायऱ्यांप्रमाणे वाढणारी रक्कम, किंवा प्रत्येक कामाचे वेगळे पैसे. पायऱ्यांच्या पद्धतीत खरी मेख अशी की पायरी वाढली हे ठरवतं कोण? किती दिवस आधी कळवतात? पटलं नाही तर काय? डायपर, फिजिओथेरपी, डॉक्टरांकडे सोबत, हे रकमेत धरलेलं नसतंच असं समजून चला आणि विचारा. हॉस्पिटलमध्ये दोन आठवडे राहावं लागलं तर खोली राखून ठेवतात का, आणि त्या काळात पैसे किती? अनामत रक्कम किंवा प्रवेशमूल्य सोडून जाताना, आणि मृत्यूनंतर, किती दिवसांत किती परत मिळतं? तुमची सही साक्षीदार म्हणून घेतली जाते आहे की थकबाकीला जामीन म्हणून, हेही तपासा.

पण हे सगळं वाचण्याआधी एक कलम शोधा : कोणत्या परिस्थितीत संस्था राहणाऱ्याला जायला सांगू शकते? नेहमीची कारणं अशी असतात. उठवायला दोन माणसं लागू लागली. रात्री फिरणं सुरू झालं. कोणावर हात उगारला. आग लागली तर स्वतःहून बाहेर पडता येणार नाही. पैसे संपले. तुमच्या वहीतल्या नोंदी या कलमाशेजारी ठेवा. समजा, आज आत्यांना घड्याळाची मदत लागते, थोडी हाकेची. पण डिमेन्शियाचं निदान झालेलं आहे, म्हणजे नजरेची मदत लागणार हे जवळपास नक्की. ती सुरू होताच ही जागा नोटीस देणार असेल, तर तुम्ही घर शोधलेलं नाही, एक थांबा शोधला आहे. ते माहीत असून निवडलं तर ठीक आहे. पैशांचा हिशेबसुद्धा आजच्या पायरीवर न करता सगळ्यात वरच्या पायरीवर करावा.

ज्यांना राहायचं आहे त्यांचं म्हणणं

१९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमच्या खोलीचं, दिनक्रमाचं तुम्ही ठरवा. हवं तर एक रोप निवडा आणि त्याची काळजी तुम्हीच घ्या. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी कर्मचारी घालतील असं सांगितलं. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त तरतरीत आणि उत्साही आढळली. पुढे त्या मजल्यावर मृत्यूही कमी झाले असं प्रसिद्ध झालं, पण त्या आकडेमोडीत नंतर दुरुस्ती करावी लागली आणि तो निष्कर्ष कच्चा ठरला. त्यामुळे रोपाने आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या दिवसावर स्वतःचा थोडा ताबा असला की माणूस जागा राहतो, एवढं मात्र त्यातून घेता येतं.

म्हणून ‘तुम्हाला कुठे राहायला आवडेल?’ असा मोठा प्रश्न टाकू नका. त्याला ‘माझ्या घरात’ हेच उत्तर येणार, आणि ते बरोबरच आहे. बारीक प्रश्न विचारा. सकाळी किती वाजता उठायचं? अंघोळीला मदत बाईचीच हवी का? कोणती खुर्ची सोबत न्यायची? जेवताना एकटं बसायचं की चारचौघांत? स्मृती गेलेल्या माणसालाही यातलं पुष्कळ सांगता येतं, आणि ही उत्तरं जागा निवडताना प्रत्यक्ष उपयोगी पडतात, कारण उठायची वेळ संस्थाच ठरवत असेल तर ती जागा बाद. दोन-तीन जागा त्यांना प्रत्यक्ष दाखवा. काही ठिकाणी महिनाभर राहून बघता येतं. ‘थोड्याच दिवसांसाठी आहे हं’ असं खोटं सांगून नेऊ नका. ते उघडं पडतं, आणि त्यानंतर तुमच्या कोणत्याच शब्दावर विश्वास राहत नाही.

घरात वाद होतो तो सहसा धोक्यावरून. आत्यांना रोज बागेत एकट्याने चालायचं असतं, भाच्यांना त्या पडतील याची भीती असते. (सगळ्यात लांब राहणाऱ्या नातेवाइकाला ही भीती सगळ्यात जास्त वाटते, हे एक कोडंच आहे.) काही जागा असा धोका राहणाऱ्याच्या संमतीने लेखी मान्य करतात, काही जागा सरळ बागेचं दार बंद करतात. संस्थेचं धोरण यातलं कोणतं, हे आधी विचारून घ्या, आणि उत्तर ऐकताना आत्या समोर असू द्या.

राहायला गेल्यावर पहिले काही आठवडे जड जातात, त्यावरून निकाल लावू नये. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यांवर नाव घालून द्या. याच वस्तू सगळ्यात आधी हरवतात. पूर्वी काय काम करायच्या, कशाने हसू येतं, कशाने चिडतात, कोणत्या कानाने नीट ऐकू येतं, असं एक पान लिहून मदतनिसांना द्या. भेटीच्या वेळा बदलत्या ठेवा. काळजीच्या आराखड्याची, म्हणजे कोणती मदत कधी आणि कशी द्यायची हे ठरवायची, बैठक संस्था बोलावेल म्हणून थांबू नका, तारीख मागून घ्या, आणि तीन जातींच्या मदतीचा हिशेब दर सहा महिन्यांनी नव्याने मांडा. वजनाची नोंद दर महिन्याला बघायला मागा. ते सलग दोन महिने उतरत असेल तर कवळी ढिली झाली आहे का, नवीन औषध सुरू झालं आहे का आणि जेवताना शेजारी कोण बसतं, या तीन गोष्टींपासून विचारायला सुरुवात करा.